नियमात न बसलेली आत्या

बदली सरकार करतं, पण घर आपल्यालाच उचलावं लागतं. सत्तर सालानंतर कधीतरी बाबांची वाशीमहून पार चांद्याकडे बदली झाली, तेव्हाची ही गोष्ट. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. घरात माय, आम्ही दोघी बहिणी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. त्यांची माय लवकर गेली, तेव्हा हिनंच लोकांच्या वावरात मजुरी करून त्यांना शिकवलं होतं. नवऱ्यानं टाकली तशी ती आमच्याकडेच राहायची. माय आणि बाबा तिला 'बाई' म्हणायचे आणि घरात शब्द तिचाच चालायचा.

बदली झालेल्या माणसाला घरच्यांचं गाडीभाडं आणि सामानाचं भाडं सरकारकडून मिळायचं. बाबांनी अर्जात सगळ्यांची नावं लिहिली, आत्याचंही लिहिलं. हेडक्लार्कनं तेवढंच नाव लाल शाईनं खोडलं. बहीण कुटुंबात येत नाही, म्हणे! आग लागो त्या शाईला.

बाबा तणतणतच घरी आले. "बाई कुटुंबात नाई म्हंते तो! मंग कोण हाय कुटुंबात, त्याचा बाप?"

"जाऊ द्या न जी," माय म्हणाली. "बाईंचं तिकीट आपण काढू."

विषय तिथंच संपला असता. पण आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि तिच्या डोक्यात भलतंच शिरलं. सरकारनं खोडलेलं माणूस सरकारी क्वार्टरात राहिलं, तर भावाची नोकरी जाईल.

"मी नाई येत बाप्पा," तिनं सांगून टाकलं. "साहेबानं पाह्यलं तं पुसन, हे कोण? मंग?"

"अवं बाई, ते भाड्यापुरतं हाय! घरात कोणीबी राह्यलं तं सरकारले काय करा लागते?"

"तुले काय समजते? लाल शाई हाय ते."

बाबांनी समजावलं, चिडले, शेवटी रडले. ती हटली नाही. आमच्या खानदानात महिन्याचा पगार आणणारे बाबा पहिलेच. आपल्यापायी तो पगार बुडेल, या धाकानं तिची झोप उडाली होती. आम्ही चांद्याला गेलो आणि ती आमच्या मूळ गावी, इंझोरीला चुलतभावाकडे गेली, पुन्हा लोकांच्या वावरात निंदणाला.

बाबा सुटीत जायचे, "चाल" म्हणायचे. तिचा एकच प्रश्न, "साहेबानं माह्यं नाव लिवलं काय?" बाबा सरळ माणूस, तेही नको तितके. ते नाही म्हणायचे.

मग ती आजारी असल्याची तार आली. आम्ही सगळे इंझोरीला पोचलो. खाटेवर नुसती हाडं उरली होती. बाबा तिच्या उशाशी बसले.

"बाई, नाव लागलं तुयं. साहेबानं सोता लिवलं. न्याले आलो तुले."

"खरंच काय रे? मी कुटुंबात?"

"हो. पयलं नाव तुयंच हाय."

ती अशी हसली की मला रडू आवरेना. तिनं मायकडून केस विंचरून घेतले, धुतलेलं लुगडं नेसली. चुलतभाऊ बैल जुंपायला गेला. "हळू हाक म्हना त्याले," एवढं बोलून तिनं डोळे मिटले.

गाडी दाराशी आली. बाबा तिला उचलायला वाकले आणि तसेच थांबले. मायनं पुढे होऊन नाकाशी हात धरला, मग लुगड्याचा पदर तिच्या तोंडावर ओढला.

बाबा खाली बसले. "हे खोटं," ते मायला म्हणाले, "मले पयलेच काहून नाई सुचलं वं?"