नागोरावांच्या नावावरची गाडी

दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या माणसाला भीती शिकवावी लागत नाही. नागोरावांची ती निवृत्तीनंतर घरी राहायला आली. झोपण्याआधी गॅसचा कॉक बघायचा, कडी ओढून बघायची, मग पुन्हा कॉक. "अहो, आता कडीच तुम्हाला घाबरत असेल," मुक्ताई म्हणायच्या.

डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली तशी त्यांनी गाडी विकायला काढली. सीएनजीवर चालणारी, लहानशी, नवी घेतल्यापासून त्यांच्याच हातची. एजंट नको म्हणून जाहिरात स्वतःच टाकली. पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की तो म्हणाला, "काका, गाडी विकताय की दत्तक देताय?"

दुसरा दिग्विजय. राहायला धायरीत. बॉनेट उघडून म्हणाला, "मामा, लई निगुतीनं वापरलाव की!"

नागोरावांचे कान टवकारले. "कुठला रे तू?"

"कंधारचा."

नागोराव लोह्याचे. शेजारचाच तालुका. खडकीत सगळा जन्म गेला, पण ती बोली कानावर पडली की त्यांचा जीव अजून विरघळायचा. पासाशिवाय कारखान्याबाहेर खिळा जाऊ न देणाऱ्या माणसाने गाववाल्याकडून विक्रीचा साधा करारही लिहून घेतला नाही. कागदांवर सह्या करून दिल्या. मुक्ताईंनी गाडीपुढे नारळ फोडला. दिग्विजय दोघांच्या पाया पडला. "नाव मी बदलून घेतो. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

ओटीपी आला नाही. दंडाचे मेसेज आले. सिग्नल तोडला. मग उलट्या दिशेने गेली. एका फोटोत गाडी झेब्रा पट्ट्यांवर आणि पुढ्यात एक पोर हातातला डबा छातीशी धरून उभं. नागोरावांनी तो फोटो मोठा केला आणि मोबाइल उशीखाली दडवला.

"कशाला टेन्शन घेऊलालाव, मामा? दंड मी भरतो," दिग्विजय फोनवर म्हणाला. नंतर तो फोन उचलेनासा झाला.

उद्या त्या गाडीखाली कुणी मेलं, तर पोलीस कुणाच्या दारात येणार? गाडी ज्याच्या नावावर, त्याच्या.  जिन्यात बूट वाजले की नागोराव पाणी प्यायचे. शेवटी एका सकाळी बस पकडून ते धायरीला गेले.

गाडी एका दुकानासमोर उभी होती. दरवाज्याला नवा पोचा. दिग्विजय हसतच आला. "खरं सांगू का, मामा? मला ती पुढं विकायचीय. पहिल्याच मालकाच्या नावावर असली की भाव चांगला येतो. म्हणून थांबलोय."

"आणि तोवर मी मरू?"

"काही होत नसतंय."

नागोरावांनी पुढचा दरवाजा उघडला आणि आत बसून पट्टा लावला. "नाव बदलेपर्यंत मी उतरत नाही."

"मामा, उतरा. गिऱ्हाईक थांबलंय कात्रजला."

"मग चल कात्रजला."

दिग्विजय चिडला. म्हाताऱ्याला एकदा हिसका दाखवला की झालं, असं त्याला वाटलं असावं. कात्रजला न थांबता गाडी वळवून त्याने ती, ट्रकचे ब्रेक निकामी होतात म्हणून बदनाम असलेल्या, नवले पुलाच्या उतारावर मोकळी सोडली. दुभाजकाचे काळे-पिवळे पट्टे एकमेकांत मिसळले. नागोरावांनी डोळे मिटले, तर पट्ट्यांवरचं ते पोर दिसलं. त्यांनी डोळे उघडले.

"हळू."

"उतरता का?"

"नाही."

मागून हॉर्न आला. लांब, न थांबणारा. आरशात ट्रकचं तोंड मावेना. दिग्विजयने गाडी डावीकडे घातली. ट्रक इतक्या जवळून गेला, की आरसा फटकन आत मिटला. गाडी कडेला जाऊन बंद पडली.

 दिग्विजयने किल्ली फिरवायला हात नेला, पण बोटं तिथवर पोचेनात. 

"त्या ट्रकचा ब्रेक लागत तरी होता का?" त्याने विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं.



दिग्विजयने तोंड पुसलं. एकदा मागे पाहिलं, एकदा नागोरावांकडे. "आरटीओ उघडं असेल ना? कुठून वळू?"

  नागोरावांनी बोट उचललं आणि पुलाखालचा रस्ता दाखवला.