दीड आटा

शालन ओव्हाळ चार वर्षांची असताना तिला ताप आला, आणि जाताना तो डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. पुढची सहा वर्षं ती आईच्या कमरेवर वाढली. केशरबाई तिला शाळेत न्यायची आणि आणायची. बाकावर बसवून घरी यायची, दोन ब्लाउज शिवायची आणि मधल्या सुट्टीत पुन्हा शाळेच्या दारात हजर. नवरा शालन लहान असतानाच गेलेला. तेव्हा या दोघींचं जग म्हणजे कळव्याच्या चाळीतली एक खोली, पायाने चालवायचं शिलाई मशीन आणि बाहेरचा ओटा. पोरीला पायाला बांधायचा लोखंडी कॅलिपर मिळाला, कुबडी मिळाली, ती हळूहळू चालायलाही लागली, पण केशरबाईच्या कमरेवरून ती काही उतरली नाही. निदान केशरबाईच्या हिशेबी तरी नाही.

शालन मॅट्रिक झाली, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि शहाऐंशी साली तिला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. सहा महिने परीक्षेचे, काम चोख आणि वेळ पक्की असली तर कायम. अख्ख्या चाळीने पेढे खाल्ले. केशरबाईने एकच प्रश्न विचारला, "जाणार कशी?"

आता या प्रश्नाला उत्तर होतं नामा कोळी. नामा मूळचा कोलशेतचा. आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पुढे खाडीत मासळी राहिली नाही, म्हणून कळवा नाक्यावर पत्र्याची शेड टाकून स्कूटरी खोलायला लागला. भंगारातून एक टू-स्ट्रोक स्कूटर उचलून त्याने ती तीन महिन्यांत नव्याने बांधली. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी दांडे जोडून दोन चाकं बसवली, किकच्या जागी हाताने ओढायचा दांडा केला. झाली चारचाकी. नाक्यावरची पोरं हसली तेव्हा नामा म्हणाला, "हसा रं. माजी चिंबोरी हाय ती. आडवी चालंल, पन पडनार नाय." खाडीतल्या खेकड्याचं ते नाव गाडीला कायमचं चिकटलं.

चिंबोरीचा रंग, चाकं, दांडे सगळं एकीकडे, आणि कार्बोरेटर एकीकडे. त्या कामात नामा कुणाचं ऐकायचा नाही. स्कूटर चाळीच्या ओट्याशी आणून त्याने ती दहा मिनिटं तशीच चालू ठेवली. चाळभर धूर. मग बाजूचं झाकण काढून तो उकिडवा बसला, डोळे मिटले आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

"बग गो शालन," तो म्हणाला. "ह्यो बारका स्क्रू दिसतो ना? ह्याच्यावर हिचा जीव हाय. पूर्ना आत घेतला तं पेट्रोल कमी परतं. लय बाहेर काडला तं जास्ती होतं, मंग धूर ओकते. आदी पूर्ना आत घ्याचा. मंग हलूहलू सोराचा. ऐक."

स्क्रू आत गेला तसं इंजिन अडखळलं, धाप लागल्यासारखं करू लागलं. मग नामाने तो उलटा फिरवला. अर्धा आटा. एक आटा. आवाज सुधारत गेला, आणि दीड आट्यावर असा मोकळा झाला की शालनला हसू आलं. तिच्या छातीतलं काहीतरीही त्याबरोबर मोकळं झालं होतं.

"दीड आटा," नामा उठत म्हणाला. "ध्यानात ठेव. कुनाला हात लावू देऊ नको."

दारात उभी राहून केशरबाई हे सगळं बघत होती. एरवी मशीनवरून मान वर न करणारी ही बाई, पण त्या दिवशी तिच्या हातातलं ब्लाउज तसंच राहिलं होतं.

पहिले चार दिवस चिंबोरी सुरळीत गेली. कळव्याचा पूल, ठाण्याचा बाजार, मग वागळे इस्टेटचा चढ. आयुष्यात पहिल्यांदा शालन कुणाच्याही खांद्याला हात न लावता कुठेतरी पोचली. वॉचमनने "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं तर तिला रडू आवरेना. पाचव्या दिवशी मात्र पुलाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, चिंबोरी थांबली, आणि ट्रक पुन्हा हलला तेव्हा चिंबोरीने मान टाकली. शालनने दांडा ओढला. पुन्हा ओढला. मागे हॉर्नचा गदारोळ, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला एसटीचं भलंमोठं चाक. कुबडी काढून उतरावं तर पाऊल टेकायला जागा नाही. वीस मिनिटं ती तिथे अडकून पडली. शेवटी दोघांनी ढकलून गाडी मागे वळवली. पुलापलीकडे जायचं राहिलंच, ती घामाने निथळत घरी आली. केशरबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "आलीस? बस. चहा टाकते."

नामाने संध्याकाळी पुन्हा दीड आटा केला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा पुलावर बंद. मग हे रोजचंच झालं. सकाळी चोक ओढला की सुरू व्हायची, नाक्यापर्यंत शहाण्यासारखी जायची आणि चढावर दगा द्यायची. कधी ढकलून पार व्हायची, कधी घरी परतायची. नामाने पेट्रोलला दोष दिला, पंपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कार्बोरेटर तीनदा धुतला. ऑफिसात शालनचे लेट मार्क साठत गेले. पाचव्या महिन्यात साहेबांनी बोलावून शांतपणे सांगितलं, की आता आणखी एकदा उशीर झाला तर कायम करायचा विषयच नको. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. नोकरी गेली की पुन्हा ती खोली, तो ओटा आणि ते मशीन. उरलेलं सगळं आयुष्य.

त्या संध्याकाळी शेडमध्ये नामाने प्लग काढून उजेडात धरला. चांगल्या गाडीचा प्लग चहाच्या रंगाचा असतो. हा पांढराफटक होता.

"हिला पेट्रोल पोचतच नाय," नामा म्हणाला. "मी सोरतो, कोनतरी आवलतंय. गो शालन, घरात कोन हात लावतंय हिला?"

"घरात कोण आहे, नामाकाका? मी आणि आई."

बोलता बोलता तिची नजर त्या बारक्या स्क्रूवर गेली. नामाने मान खाली घालून पुन्हा दीड आटा सोडला आणि हात पुसायला सुरुवात केली.

घरी येऊन तिने आईच्या डब्यातला कापडावर खुणा करायचा खडू घेतला, आणि स्क्रूवरून बाजूच्या लोखंडावर एक बारीक रेघ ओढली. सकाळी केशरबाई रोजच्यासारखी फडक्याने गाडी पुसून आत आली तेव्हा शालन कुबडी टेकत बाहेर गेली. झाकण काढलं. रेघ तुटली होती. स्क्रू पूर्ण आत, घट्ट. ती परत आली, शिलाई मशीनचा खण उघडला आणि त्यातला मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर नाकाशी नेला. पेट्रोलचा वास.

"आई, हा स्क्रू तू आवळतेस?"

केशरबाई स्टोव्हला पंप मारत होती. थांबली नाही. "सैल होता. त्या नामाला काय कळतंय? सैल स्क्रू कधी चांगला असतो का? मशीनचा दोऱ्याचा स्क्रू सैल राहिला तर टाका नासतो. वीस वर्षं बघतेय मी."

यात खोटं काही नव्हतं. केशरबाईच्या लेखी यंत्र म्हणजे शिलाई मशीन, आणि तिथे ढिलं दिसलं की आवळायचं, हा तिचा वीस वर्षांचा धर्म. शालनला क्षणभर हायसं वाटलं. मग ते ओसरलं.

"पहिल्यांदा सैल वाटला म्हणून आवळलास, मान्य. पण नामाकाका रोज येऊन सोडतोय, तुझ्या डोळ्यांदेखत. पाच महिने, आई! पाच महिने तुला कळलं नाही?"

स्टोव्हचा आवाज खोलीभर भरला होता. केशरबाईने पंप सोडला, पदराला हात पुसले.

"कळलं," ती म्हणाली. "आठवड्यात कळलं. तो आवळला की तू पुलापलीकडे जात नाहीस."

शालनला वाटलं, आत्ता हातातली कुबडी फेकून द्यावी. इतका राग तिला पोलिओचाही कधी आला नव्हता. "तिथे ट्रक असतात मागे! मी त्या पुलावर अडकून पडते, मेले असते मी!"

"म्हणूनच म्हणतेय, जाऊ नकोस," केशरबाई म्हणाली आणि तिला पहिल्यांदाच रडू फुटलं. "घरी ये. दोघींपुरतं शिवते की मी."

या बाईशी भांडायचं तरी कसं? शालन बाहेर गेली, त्याच स्क्रूड्रायव्हरने दीड आटा सोडला, दांडा ओढला आणि गेली. त्या दिवशी ती वेळेत पोचली, दुसऱ्या दिवशीही. महिन्याभराने तिच्या हातात कायम केल्याचं पत्र पडलं.

आता कुणाला वाटेल, गोष्ट इथे संपली. पण केशरबाई रोज पहाटे गाडी पुसायची आणि स्क्रू आवळायची, आणि शालन रोज आठ वाजता तो दीड आटा सोडायची. स्क्रूड्रायव्हर एकच. आईने वापरून खणात ठेवायचा, लेकीने खणातून काढून वापरायचा आणि परत तिथेच ठेवायचा. दोघींनी यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही. नामा एकदा वैतागून म्हणाला, "झाकनाला कुलूप लावून देतो, कटकट मिटंल." शालन नको म्हणाली. का नको, हे तिला त्याला सांगता आलं नाही. खरं तर स्वतःलाही सांगता आलं नव्हतं. पण कुलूप लावलं असतं तर आईने सकाळी ते ओढून बघितलं असतं, आणि मग हात मागे घेतला असता, आणि तो मागे घेतलेला हात शालनला बघवला नसता.

त्यात सुख होतं असं मात्र समजू नका. ऑफिसच्या बायका माथेरानला गेल्या तेव्हा शालन गेली नाही. स्विचबोर्डवर बरोबर काम करणाऱ्या एका भल्या माणसाने दोनदा चहाला विचारलं. तिने दोन्ही वेळा घड्याळ बघितलं आणि निघाली, कारण साडेसहाला केशरबाई ओट्यावर येऊन पुलाच्या दिशेने बघत उभी राहायची. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. दीड आटा होता, पण दीडच. रोज पूल ओलांडायचा आणि रोज परत यायचं. कधीकधी पुलाच्या माथ्यावर तिच्या मनात यायचं, की असंच सरळ जात राहावं. मग पेट्रोलचा काटा बघायची आणि वागळेकडे वळायची.

अशी नऊ वर्षं गेली.

पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली ती सकाळ. केशरबाई भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. कधी नव्हे ते. आदल्या दिवशी लग्नाच्या घरची बारा ब्लाउजं उरकली होती, थकली असेल, असं म्हणून शालनने आवाज न करता स्वतःच चहा केला आणि घेतला. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. "सांभाळून जा, लवकर ये" ऐकावं लागलं नाही. खणातून स्क्रूड्रायव्हर काढला, ओट्यावर येऊन झाकण उघडलं आणि सवयीने, न बघता, मनगटाने दीड आटा सोडला. दांडा ओढला.

चिंबोरीने एक मोठा ढेकर दिला, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि बंद पडली. पुन्हा ओढला. पुन्हा धूर, पुन्हा बंद. पेट्रोलचा भपकारा आला. शालन चिडली. नेमकं आजच व्हायचं होतं! मग नामाने शिकवल्याप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली. आधी पूर्ण आत घ्यायचा. स्क्रू फिरवत ती आटे मोजू लागली. अर्धा. एक. दीड. इथे तो थांबायला हवा होता. थांबला नाही. दोन. अडीच. तीन.

तीन आटे.

म्हणजे तिने सोडायच्या आधीच तो दीड आटा सैल होता. काल तिने ठेवला होता तसाच. पहाटे कुणी आवळलाच नव्हता.

स्क्रूड्रायव्हर तिच्या हातून पडला. कुबडी न घेता भिंतीला धरून ती आत गेली. "आई!" केशरबाईचे डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात अंथरुणावर दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडला होता. किती वेळ ती अशी जागी होती? चहाचं भांडं वाजलं तेव्हा? कप विसळला तेव्हा? भिंतीकडे तोंड करून ती हाक मारत होती आणि आवाज फुटत नव्हता, आणि शालन मात्र पाय न वाजवता निसटली होती. शालनने शेजारच्या जगनला हाक मारली. तो रिक्षा आणायला धावत सुटला.

रिक्षा येईपर्यंतच्या पाच मिनिटांत शालन आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. केशरबाई काहीतरी सांगू पाहत होती. शब्द येत नव्हते, नुसता घोगरा आवाज. मग तिने डावा हात उचलला. अंगठा आणि बोट जुळवून, चिमटीत काहीतरी धरल्यासारखं, ती हवेत फिरवू लागली. फिरवायची, थांबायची, शालनच्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा फिरवायची.

शालनने ती चिमटी आपल्या मुठीत धरली.

"आवळलाय गं आई," ती म्हणाली. "पूर्ण आत आहे, मीच आवळला. आज मी पुलापलीकडे जात नाही."