चौकाच्या अलीकडे

सिएना हे इटलीतलं जुनं शहर मी पायी फिरून पाहिलं, असं मी गावात सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी दिवसभर मित्राच्या मागे गल्ल्या तुडवल्या, आणि जो मोठा चौक बघायला जगभरातून लोक येतात, त्याच्याभोवती आम्ही दोघं घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिलो. दुपारी चारपर्यंत माझं डोकं पार फिरलं होतं.

मी मोहर्लीचा. ताडोब्याच्या जंगलात पाहुण्यांना जिप्सीतून वाघ दाखवणं हे माझं काम. मित्रही आधी हेच करायचा. आमच्या कामात एक वाक्य फार उपयोगी पडतं. तीन तास धूळ खाऊन वाघ दिसला नाही की पाहुण्यांची तोंडं उतरतात. तेव्हा म्हणायचं, ‘उद्या सकाळच्या फेरीत नक्की दिसतो.’ उद्या ते पाहुणे नागपूरच्या वाटेला लागलेले असतात. हे वाक्य मित्राइतकं छातीवर हात ठेवून दुसरं कोणी म्हणत नसे. मित्राचं घर इरईच्या धरणावर मासे धरणारं. संध्याकाळी त्यांच्या अंगणात तळलेले मासे खाताना आम्ही पाहुण्यांच्या नकला करायचो, आणि त्याची आई चुलीपाशी बसून आम्हाला शिव्या घालायची. ‘लोकायले फसवता. पाप लागन तुमाले.’ शिव्या घालता घालता तीही हसायची.

आठ वर्षांपूर्वी तो द्राक्षाच्या मळ्यात कामाला म्हणून इटलीला गेला. पुढे सिएनातल्या एका हॉटेलात लागला. तिथे तो आता मोठा आचारी झाला, असं फोनवर सांगायचा. गावाला मात्र एकदाही आला नाही.

यंदा पावसाळ्यात जंगलाचं गेट बंद झालं आणि मी रिकामा झालो. दरवर्षी वाघ बघायला येणाऱ्या एका इटालियन बाईंनी मला पंधरा दिवस सिएनाजवळच्या आपल्या घरी बोलावलं. तिकीटही त्यांनीच काढलं. निघायच्या आदल्या दिवशी मित्राच्या आईने, म्हणजे काकीने, मला बोलावून घेतलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशनची तारीख दिली, दोन्ही वेळा ती गेली नाही. पट्टी निघाल्यावर पहिलं तोंड पोराचं बघायचं, हा तिचा हट्ट. आणखी थांबलात तर ऑपरेशन करूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

‘त्याले एकच विचारजो,’ काकी म्हणाली. ‘येतो का नाई. मंग मी ठरवीन.’

मित्र मला शहराच्या वेशीत भेटला. चंद्रपूरच्या जटपुरा गेटसारखाच दगडी दरवाजा, फक्त खालून ऑटो जात नव्हते. आम्ही मिठी मारली, दोघंही रडलो, आणि तो लगेच चालायला लागला. दोन्ही बाजूंना विटांची उंच घरं, मध्ये गल्ली, आणि वर आभाळाची एक पट्टी तेवढी. मला उघड्या पाण्याची आणि मोकळ्या गवताची सवय. तासाभरात माझा जीव गुदमरायला लागला. तो मात्र जुन्याच गाईडच्या आवाजात सांगत होता, हा वाडा कोणाचा, हे देऊळ कधीचं. मध्येच एखाद्या वळणाआधी भिंतीला लागून थांबायचा आणि हात वर करायचा. जिप्सीत असा हात वर झाला की ड्रायव्हर इंजिन बंद करतो. मीही सवयीने थांबायचो. मग तो मागे फिरायचा आणि दुसरी गल्ली धरायचा.

‘अबे, चौक कुठी आहे?’ मी शेवटी खेकसलोच. ‘तीनदा मनोरा दिसला. तिकडं काऊन नाई नेत?’

‘जाऊ ना बे. घाई काऊन करून राह्यला?’

पुढच्या वळणावर काही आफ्रिकन विक्रेते जमिनीवर चादरी पसरून चष्मे आणि पट्टे विकत होते. एकाएकी पलीकडून शीळ आली. चादरींची टोकं उचलली गेली, गाठोडी खांद्यावर चढली आणि गल्ली रिकामी झाली. मित्राने माझा दंड धरून मला एका दाराच्या आडोशाला ओढलं.

‘कॉल झाला,’ तो पुटपुटला.

वाघ निघाला की चितळ ओरडतं, वानर ओरडतं. त्याला आम्ही कॉल म्हणतो. कॉल ऐकला की आम्ही गाडी त्याच दिशेला पळवतो. हा मात्र भिंतीला चिकटून उभा होता. दोन पोलीस आइस्क्रीम खात गल्लीच्या टोकावरून निघून गेले. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. सकाळपासून आम्ही शहर बघत नव्हतो, पोलीस चुकवत होतो.

‘इथी राहाचे कागद संपले तुये?’ मी विचारलं.

‘तीन वर्ष झाले.’ तो खाली बघत होता. ‘मी आचारी-बिचारी काई नाई. भांडे घासतो. मालक म्हनते अर्ज करतो. अर्ज पास झाला तर मोकळा. तोपर्यंत देश सोडला तं दार बंद.’

‘मंग सोड ना! घरी चाल!’

‘अन् तिथी काय करू? गाईडच्या यादीतून नाव गेलं. आठ वर्ष इथी गाडून आता हात हालवत येऊ?’

मला राग आला, त्याचा आणि त्याच्या मालकाचाही. दिवसभर त्याच्यावर रुसलो होतो म्हणून माझी मलाच लाज वाटली. काकीचा निरोप मी तिथेच, त्या आडोशात सांगितला. डोळ्यांचं सगळं सांगितलं. त्याने आडोशातून मान काढून गल्ली पाहिली. मग म्हणाला, ‘चाल, चौक दाखवतो.’

गल्ली जिथे चौकात उघडते, त्याच्या दहा पावलं अलीकडे तो थांबला. ‘समोर सुपासारखा उतरता दिसते ना, तोच. लोक खालीच बसतात, मजेत. कागद होते तोपर्यंत मीही बसलो. आता तिथी पोलीस असते. तू जाऊन ये. मी इथीच आहे.’

मी गेलो. ऊन होतं, माणसं विटांवर लोळत होती, मनोरा खरंच देखणा होता. मला दोन मिनिटंही बसवेना. वळून पाहिलं तर गल्लीच्या सावलीत त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. जन्मभर मी पाहुण्यांना झाडीतला असाच अर्धा चेहरा बोटाने दाखवत आलो, आणि ते आनंदाने ओरडतात. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

निघताना त्याने माझे दोन्ही हात धरले. ‘मायले सांगजो, दिवाळीले येतो.’ मग छातीवर हात ठेवला. ‘नक्की.’

परतीच्या विमानात मी पट्टा बांधून बसलो होतो आणि त्या एका शब्दाने माझी झोप उडवली होती. खरं सांगावं तर काकी खचेल. खोटं सांगावं तर ती दिवाळीपर्यंत थांबेल आणि डोळे जातील. कोणतंही बोललो तरी तिच्या डोळ्यांचं काय होईल ते माझ्याच माथी येणार होतं.

मोहर्लीला पोचलो त्याच दुपारी गेलो. काकी अंगणात बसून बोटांनी चाचपत मासे साफ करत होती. माझा आवाज ऐकून तिने विळी बाजूला केली. मी मनात सगळं खरं सांगायचं ठरवून आलो होतो. तोंड उघडलं आणि हजार फेऱ्यांची सवय आड आली.

‘दिवाळीले येतो म्हने, काकी. नक्की.’

तिने हातातला मासा टोपलीत टाकला. मग म्हणाली, ‘वाघ पाहाले आलेली पाहुनी समजला का रे मले?’

माझी मान खाली गेली.

‘कोंडला आहे का तो तिथी?’

‘हो.’

‘जेवते ना टायमावर?’

‘जेवते.’

तिने पदराला हात पुसले. ‘आत डब्यात डॉक्टरची चिट्ठी आहे. नवी तारीख घेऊन ये.’ मी उठलो, तसं तिने हवेत हात फिरवून माझं मनगट धरलं. ‘पट्टी काढतीन त्या दिवशी जिप्सीवर जाऊ नको. माह्या समोर तूच बस.’