शेवटच्या खोलीचं गरम पाणी

कांबळे आणि मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनमधल्या एका वृद्धाश्रमाचं मेन्टेनन्स बघायचो. अजूनही दोन्ही घरं जेवायला जमली की बायका आधीच बजावतात, "पाइपचा विषय नको." तरी ताटं उचलेपर्यंत तो निघतोच, आणि दर वेळी एखादा किस्सा वाढलेला असतो. ऐकणारे हसतात. मला अजून राग येतो.

काम साधं होतं. बॉयलर एका टोकाला, शेवटची खोली दुसऱ्या टोकाला आणि मधे लॉनखालून गेलेला गरम पाण्याचा पाइप. त्याचं इन्सुलेशन कुजलं होतं. फॅक्टरीतूनच फोम भरून येणारा पाइप घाला, असं मी लिहून दिलं. पण आमचा मॅनेजर ग्रेग नुकताच एका सेमिनारला जाऊन आला होता. त्याला 'ऑल्टर्नेटिव्ह मटेरियल' हवं होतं.

* * *

आधी लोकर. ग्रेगने ती पाइपला गुंडाळून वर्कशॉपमध्ये टेस्ट केली. कोरड्या टेबलावर, हीटरशेजारी! रिझल्ट अर्थातच झकास.

"इथे हातभर खणलं की पाणी लागतं," कांबळे म्हणाला.

"मेंढी वर्षभर पावसात उभी असते, मेट."

"उभी असते. तळ्यात झोपत नाही."

लोकर पाइपसकट पुरली. महिन्याभराने चर उकरला, तेव्हा ओल्या मेंढीचा वास डायनिंग हॉलपर्यंत गेला.

* * *

मग प्यूमिस. ज्वालामुखीचा हा भोकाभोकांचा हलका दगड इथे ढिगाने मिळतो. शुक्रवारी तो चरात भरला, वर माती सोमवारी टाकायची होती. शनिवार-रविवार पाऊस कोसळला. सोमवारी बघतो तर सगळा दगड कुरमुऱ्यांसारखा पाण्यावर तरंगतोय!

ग्रेगने वाकून एक तुकडा उचलला. "बघ ना, किती लाइट आहे," तो कौतुकाने म्हणाला.

त्या दिवशी मी डबा न उघडता घरी नेला.

* * *

तिसऱ्यांदा जुनं कार्पेट आणि त्यावर प्लास्टिक. चर बुजवल्यावर ग्रेगने बॉयलरशेजारचाच नळ उघडून खाली बोट धरलं. "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या बोलीत एकदम मस्त.

"शेवटच्या खोलीत चल," मी म्हणालो. त्याला मीटिंग होती.

मी एकटाच गेलो. तिथे मिसेस हार्पर राहायच्या, वय नव्वदीच्या आसपास. पाणी जेमतेम कोमट होतं.

"नळ सोडते आणि क्रॉसवर्ड घेऊन बसते," त्या म्हणाल्या. "क्रॉसवर्ड संपतं, पाणी काही तापत नाही. मग ओल्या फडक्याने अंग पुसते."

"सोमवारपर्यंत नक्की करतो."

"कुठल्या महिन्यातल्या?"

घरी येऊन मी ग्रेगच्या नावाने तासभर तोंडसुख घेतलं. टीव्हीवरची नजर न हलवता लेक म्हणाली, "बट बाबा, यू साइन्ड इट."

खरंच होतं. तिन्ही फॉर्मवर इंजिनिअर म्हणून सही माझी होती. नोकरी टिकवायची म्हणून केलेली. ग्रेगपेक्षा मला स्वतःचाच जास्त संताप आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

* * *

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, कडाक्याची थंडी पडली. सकाळी सगळं लॉन गोठलेल्या दवाने पांढरं झालेलं, आणि त्यातून बॉयलरपासून शेवटच्या खोलीपर्यंत गेलेला एक सरळ, हिरवागार पट्टा. आमची सगळी ऊब गवताला मिळत होती. ग्रेग नवा डिजिटल कॅमेरा घेऊन त्या पट्ट्यावरच उभा राहिला. फोटो न्यूजलेटरला द्यायचा होता.

"ब्यूटिफुल," तो म्हणाला. कांबळे माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

इतक्यात टोकाचं दार उघडलं. मिसेस हार्पर वॉकर ढकलत बाहेर आल्या. अंगात ड्रेसिंग गाऊन, खांद्यावर टॉवेल. मागून नर्स धावत आली. "आत चला, तुमची आंघोळीची वेळ झालीय."

"आंघोळीलाच निघालेय."

पट्ट्यापाशी येऊन त्यांनी पायातल्या रबरी चपला काढल्या, अनवाणी पाय गवतावर ठेवले आणि ग्रेगकडे पाहिलं.

"जरा सरक. तू माझ्या गरम पाण्यावर उभा आहेस."