धाकटीची सावड

माझी धाकटी जाऊ नर्स होती. गेल्या वर्षी गेली. दोन दिवस आजारी पडली आणि गेली, कुणाला फार त्रास दिला नाही. तिच्याबद्दल सांगायचं तर मला तिचे पायच पहिले आठवतात. ड्युटीवरून आली की चाळीच्या नळावर गुडघ्यापर्यंत पाय धुवायची, मग घरात यायची. मी बोलायचे, अगं हॉस्पिटलात कुठला चिखल? ती बोलायची, सवय आहे, न धुता आत आले तर आई ओरडतेय असं वाटतं. तिचं माहेर मुरबाडकडचं, भातशेतीचं. माझं पण तिकडचंच, मधे दोन गावं सोडून. पण ती शिकली, नर्सिंगचं ट्रेनिंग करून आली. मी दुसरीपर्यंत. सही येते मला, तेवढं पुरलं.

मुलुंडला आमची एक खोली, पुढे छोटी पडवी. त्यात सासू, आम्ही दोघं, आमची तीन पोरं, दीर आणि ही. सासूला आम्ही आत्या बोलायचो. माझे मालक आणि दीर दोघं भांडुपच्या कारखान्यात. धाकटी मोठ्या हॉस्पिटलात, पण टेम्पररी. कायम झाली नव्हती.

सुरुवातीला मला तिचा राग यायचा. खरं ते सांगते. ती सकाळी पांढरी साडी नेसून निघायची आणि मी स्टोव्हपाशी. तिला मुलगी झाली, तीन महिन्यांत ती परत ड्युटीवर, आणि मुलगी माझ्या मांडीवर. एक दिवस मी तोंडावर बोलले, "तुझी पोर मी वाढवायची आणि तुला सगळे सिस्टर सिस्टर करायचे. बरं आहे तुझं."

ती चिडली नाही. पोरीचे लंगोट पिळत बोलली, "ताई, तुमच्या गावात सावड करतात ना?"

सावड म्हणजे, लावणीला मजूर लावायला कुणाकडे काय असायचं? आज आम्ही सगळ्या बाया तुझ्या शेतात वाकायचं, उद्या तू आमच्या. लिहायचं नाही, पैसे नाहीत, तोंडी सगळं. पण ज्या दिवशी यायचं त्या दिवशी यायचंच, मग तुझ्या घरी काही असो.

"करतात की," मी बोलले.

"मग आपण करू. माझ्या ड्युटीला तू माझी पोर बघ. माझ्या सुट्टीच्या दिवशी तू चुलीला हात लावायचा नाय. तुझी पोरं, तुझे कपडे, पाणी, सगळं माझं."

मला वाटलं, बोलतेय, चार दिवस करेल. पण तिनं केलं. सुट्टीच्या दिवशी मी पडवीत बसायचे, बायका विचारायच्या, काय गं, आजारी आहेस का? तिला एकदा ताप होता तरी तिनं माझ्या पोरांच्या भाकऱ्या थापल्या. मी उठायला लागले तर बोलली, "बस गं खाली, माझा दिवस आहे."

मग तिला मुलगा झाला आणि आत्या मागे लागली. आत्याला पोरं सांभाळायचा कंटाळा. आयुष्यभर शेतात राबली, आता मुंबईत आलेय तर बसून खाणार, असं सरळ बोलायची. पोरगं रडलं तरी उचलायची नाही. तिनं दिराला सांगितलं, "दिवाळीपर्यंत ही कायम झाली तर ठीक, नायतर घरी बसव. दोन दोन पोरं दुसरीच्या जिवावर टाकून कुठं जाते?" दीर गरीब माणूस, आईपुढे मान हलवायचा. धाकटी त्या दिवशी जेवली नाही. तिला नोकरी सोडायची नव्हती. मला बोलली, "ताई, मला दुसरं काय येतं गं? एक भात लावता येतो आणि एक हे."

त्याच पावसाळ्यात माझ्या भावाचा पाय मोडला. लावणी तोंडावर, आई एकटी. निरोप आला, चार दिवस ये. मी कशी जाणार, पाच पोरं घरात. धाकटी बोलली, "तू जा. मी बघते." तिला रजा मिळणार नव्हती, तर तिनं तिच्या वॉर्डातल्या एका बाईला ड्युट्या दिल्या. त्या बाईच्या चार ड्युट्या हिनं आधी केल्या होत्या. तोंडी. ऑफिसात सांगितलं नाही, रजिस्टरला लिहिलं नाही. हिच्या डोक्यात सावडच होती.

ती बाई दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. वॉर्डात एक नर्स कमी, चाळीस पेशंट, मोठा गोंधळ झाला. वर विचारलं तर बाई बोलली, मला काय माहीत नाही, माझं नाव आहे का तिथे? नाव हिचंच होतं.

मी चिखलाचे हात घेऊन परत आले तर घरात हिच्या हातात कागद. तीन दिवसांत लेखी सांगा, तुम्हाला का काढू नये.

आत्या बोलली, "बरं झालं. देवानंच केलं."

 मीच बोलले, "आत्या, माझ्यासाठी झालं हे. मी माहेरी गेले म्हणून." आणि सगळं सांगितलं.

आत्या पान लावत होती. थांबली. धाकटीला बोलली, "तू तिच्या चार पाळ्या आधी केल्या होत्या?"

"हो."

"आणि ती आली नाय?"

"दोन दिवस आली. मग नाय."

"आणि वर बोलली मला माहीत नाय?"

"हो."

आत्यानं पान खाली ठेवलं. "आमच्या गावात एकीनं असं केलं होतं. पुढच्या वर्षी तिच्या बांधावर कुत्रं पण गेलं नाय. रोप वाळलं तिचं."  मग बोलली, "उद्या मला घेऊन चल तुझ्या मोठ्या बाईकडे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो, पोरगं माझ्या कडेवर. मेट्रन कडक बाई, चष्म्यावरून बघायची. आत्यानं तिला सावड समजावली. मेट्रन ऐकून घेऊन बोलली, "आजी, शेत एक दिवस थांबतं. पेशंट थांबत नाहीत."

"बाई, तुम्ही रोप लावलेलं दिसत नाय. उपटलेलं रोप पण थांबत नाय," आत्या बोलली. "पण चूक हिचीच. लिहायला पाहिजे होतं. आमच्यात लिहीत नाय, तुमच्यात लिहितात. पुढे लिहील. पण शब्द मोडला तो हिनं नाय मोडला."

मेट्रनने धाकटीकडे बघितलं. "घरी लहान मुलं आहेत तुझी. उद्या परत कुणी गावाला गेलं तर? कोण बघणार त्यांना?"

धाकटीचं तोंड उतरलं. मी बोलणार तेवढ्यात आत्या बोलली, "मी बघते ना. मीच सांभाळते दोघांना."

मी आणि धाकटीनं एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. हसू आलं असतं. पोरगं माझ्या कडेवर, आत्याकडे कधी जात पण नव्हतं.

मेट्रननं कागदावर काहीतरी लिहिलं. काढलं नाही. सहा महिने नजर ठेवणार, एक दिवस चुकला तर बघू, असं बोलली.

घरी परत निघालो. स्टेशनबाहेर भाजी घेताना मी हळूच बोलले, "आत्या, तुम्ही तर मोठीच थाप मारली."

"थाप कसली? तिच्या तोंडावर बोललेय ना," आत्या बोलली. "आता करावंच लागेल. दे इकडे ते पोरगं."

पोरगं भोकाड पसरून रडलं. सगळा भाजीबाजार बघत होता. आत्यानं सोडलं नाही, घरापर्यंत तसंच आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी निघाली तर आत्या उठून बसलेली, पोरगं मांडीवर, त्याला दूध पाजता येईना, अर्धं लुगड्यावर. धाकटी दारात घुटमळली.

"जा गं," आत्या बोलली, "आमचं आम्ही बघू. उशीर करू नको."

धाकटी पुढच्या वर्षी कायम झाली. इन्चार्ज सिस्टर होऊन रिटायर झाली. ती चाळ पाडून बिल्डिंग झाली, आम्हाला लिफ्टवाली घरं मिळाली, एकाच मजल्यावर. तो पोरगा आता चाळिशीचा आहे, मुलगी डोंबिवलीला दिलीय, दोघंही मला मोठी आई बोलतात. मला काही कमी नाही. आत्या मात्र मरेपर्यंत रोज सकाळी उठून बसायची. नातवंडं कॉलेजात गेली तरी धाकटी ड्युटीला निघाली की आतून विचारायची, निघाली का? आणि ती हो बोलल्यावर परत झोपायची.