जांभया मोजणारे गुरुजी

आमचे मानसशास्त्राचे गुरुजी सरावपाठ बघायला आले की खुर्ची उलटी फिरवत आणि फळ्याकडे पाठ करून बसत. म्हणजे शिकवणारी मी त्यांच्या मागे आणि पोरं त्यांच्यासमोर. नंदुरबारला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येकीला वाटायचं, हा आपला अपमान. मी तर तोंडावरच विचारलं. ते म्हणाले, "पोरी, फळा पयी जाणार नही. पोरं जागावर बशीसन पयी जातस. नजर त्यासवर ठेवनी पडस." पयी म्हणजे पळून.

बसून काय करत? जांभया मोजत! गुडघ्यावर वही, कानामागे पेन्सिल. पोरानं आ केला की वहीत एक रेघ. माझ्या पहिल्या पाठाला सात रेघा झाल्या, आणि त्या त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केल्या. वर म्हणाले, "सातवी तं इतली मोठी व्हती, त्या पोरनी पडजीभ दिसनी." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

पण न्याय सगळ्यांना सारखा. 'अवधान' हे प्रकरण ते दुपारच्या भाकरीनंतर शिकवत, आणि आम्ही माना टाकायचो. एकदा त्यांनी आमच्याही जांभया मोजल्या. "आज चौदा. शिकवनारा नापास शे," असं म्हणून पुस्तक मिटलं आणि आम्हाला सरावशाळेच्या निंबाखाली नेलं. तिथं दोन पोरं गोटीवरून भांडत होती. आता कोण रडणार, हे गुरुजींनी पुस्तकाच्या आधारे सांगितलं. रडलं दुसरंच. गुरुजी एवढे खूष झाले की विचारू नका. "पुस्तक मी वाचेल शे, त्या पोरनी नही वाचेल!"

माझं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमचं तापीकाठचं शेतकरी घर. वडिलांनी बजावून पाठवलं होतं, एक वर्ष देतो, नापास झालीस तर सरळ बोहल्यावर उभी करेन. मुलगाही बघून ठेवलेला. माझा सगळा जीव परीक्षेच्या अंतिम पाठात अडकला होता.

अंतिम पाठाला बाहेरून परीक्षक आले. तिसरीचा वर्ग, विषय 'पाण्याचे उपयोग'. आता गंमत अशी, की सरावशाळेच्या त्या पोरांवर आम्ही सगळ्याजणींनी वर्षभर हेच चार-पाच पाठ घासले होते. मी प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारला, "मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, आज आपण पाण्याचे उपयोग शिकणार आहोत!" मी पुढचा प्रश्न विचारणार, तर पोरांनी प्यायला, धुवायला, शेतीला असे सगळे उपयोग ओळीनं म्हणून टाकले आणि शेवटी गृहपाठही सांगितला. पाच मिनिटांत पाठ खलास! पस्तीस मिनिटं बाकी, हातात पाठटाचण. समोर गुरुजींची नुसती पाठ. मेले, वळूनसुद्धा बघेनात.

मग डोळ्यांपुढे बोहलं उभं राहिलं आणि मी तोंडाला येईल ते बोलले, "तुम्हाला सगळं येतं ना? मग आता तुम्ही मला विचारा."

शेवटच्या रांगेत तोरणमाळकडून आलेली एक मुलगी बसायची. वर्षभरात तिचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. ती हळूच म्हणाली, "बाई, पाणी डोंगरावरून खाली येतं. मग परत वर कसं जातं?"

"डोक्यावर हंडा घेऊन!" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, ढग नेतात. मग ढगांना ते कोण उचलून देतं, यावर जी जुंपली! मी उत्तर दिलंच नाही. ओली पाटी दारातल्या उन्हात ठेवली आणि म्हटलं, बघा. सगळा वर्ग पाटीवर ओणवा झाला. त्या गोंगाटात गुरुजींनी खुर्ची फिरवली आणि वर्षात पहिल्यांदा पाठ चालू असताना माझ्याकडे बघितलं.

परीक्षक म्हणाले, "पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही."

"नही झाया," गुरुजींनी मान्य केलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. पान कोरं होतं. "साहेब, इतला वरीसमा असं पान माले पहिल्यांदा भेटनं."

मी काठावर पास झाले. बोहलं टळलं, निदान तेव्हापुरतं.

पुढं मी विसरवाडीजवळच्या एका शाळेत लागले. निवृत्तीनंतर एक दिवस गुरुजी न कळवता बसमधून उतरले, वर्गात आले, खुर्ची उलटी फिरवून बसले. तास संपल्यावर त्यांनी वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं. एक रेघ होती.

"कुणाची?" मी चिडूनच विचारलं.

"मन्ही," ते ओशाळून म्हणाले. "पोरेसनी एकबी नही. आते वय झायं ना पोरी, दम ऱ्हात नही."

त्यानंतर ते आले नाहीत. ते गेल्याची बातमी तास चालू असताना आली. मी फळ्याकडे पाठ करून बसले आणि पोरांसमोरच ढसाढसा रडले. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. एकानंही जांभई दिली नाही.