भावजींचे दोन कॅमेरे

आमचे भावजी, म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ चिंतामणी, अंबरनाथच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्याने बनवलेला नग हातात घ्यायचा, मापायचा, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर बाजूला ठेवायचा. घरीही तेच. दुधाची पिशवी उलटी करून तारीख वाचल्याशिवाय आत येऊ द्यायचे नाहीत. लग्न केलं नाही. हे गमतीने म्हणायचे, "मुली सगळ्या याने मापून परत पाठवल्या." त्यावर भावजी एवढंच म्हणायचे, "एक आवडली होती. तिने मला मापलं."

हे गेले त्याला फाल्गुनात वर्ष होईल. लग्न झाल्यापासून मी रोज देवाजवळ दिवा लावून झाला की वही लिहिते. त्या दिवसाच्या पानावर तिथी आहे आणि खाली 'दुधी आणला' एवढंच आहे. त्यांच्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. म्हणून भावजींचं लिहिते.

ह्यांचा चांगला फोटो घरात निघालाच नाही. बदलापूरच्या एका लग्नातला, कुणीतरी फोनवर पाठवलेला सापडला. पाठवून पाठवून त्यातला जीव गेला होता. फ्रेमवाल्याने मोठा केला तेव्हा चेहरा मेणाचा झाला आणि डाव्या खांद्यावर कुणा बाईच्या पदराची जर राहिली. तेराव्याला लोक नमस्कार करून जात होते आणि भावजी त्या जरीकडे बघत उभे होते. मला काही वाटत नव्हतं. मी हार सरळ केला.

सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. त्यांना सगळे आईच म्हणतात. दिवाळीपासून त्यांचं खाणं दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, सांभाळा. त्या संध्याकाळी भावजी मला म्हणाले, "वहिनी, आईचा फोटो नीट काढायचा. आत्ताच. अण्णासारखं होऊ द्यायचं नाही."

अण्णा म्हणजे हे.

भावजींनी महिनाभर वाचन केलं. मोठा कॅमेरा नको, कारण एक्स-रेच्या वेळी पुढ्यातली नळी बघून आई ओरडल्या होत्या. फ्लॅश नको, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांना लख्ख उजेड सोसत नाही. मग लहान पण मोठ्या सेन्सरचा कॅमेरा हवा. मला विचारावं लागलं, सेन्सर म्हणजे काय.

"फिल्मच्या जागी असतो तो. फोनमधला मसुराच्या डाळीएवढा. ह्याच्यातला पोस्टाच्या तिकिटाएवढा. खिडकी जितकी मोठी तितका उजेड आत."

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये हरेशभाईंचं दुकान आहे. भावजींची त्यांची जुनी ओळख. त्यांनी दोन कॅमेरे शनिवारी सकाळी घरी न्यायला दिले, सोमवारी एक परत करायचा या बोलीवर. भावजींनी दोन्ही कॅमेऱ्यांना नंबर दिले. नंबर एकचं भिंग एका जागी पक्कं. माणूस मोठा दिसायला हवा तर आपण जवळ जायचं. नंबर दोनचं भिंग नळीसारखं पुढे येतं. लांब बसूनही माणूस जवळ ओढता येतो.

भावजी आधीपासून दोनच्याच बाजूला होते. का, ते मला माहीत होतं. आई दिवसातून दोनतीनदा विचारतात, "अण्णा कुठाय?" सुरुवातीला आम्ही खरं सांगितलं. तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या रडल्या. मग मी "कामावर गेलेत" म्हणायला लागले. देवापुढे रोज माफी मागते आणि रोज सांगते. भावजींना खरंही सांगवत नाही आणि हेही जमत नाही. ते गोळी देतात, पाण्याचा पेला ठेवतात आणि आईंनी तोंड उघडायच्या आत खोलीबाहेर येतात. दहा महिने असंच चाललंय.

नवी वस्तू घरात आली की आधी तिला हळदकुंकू. सासरी आल्यापासून मिक्सरपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत मी हे केलंय. आता स्वतःला लावत नाही, वस्तूला लावायला काय. भावजी कॅमेरे टेबलावर ठेवून फोन घ्यायला बाल्कनीत गेले होते. मी तबक घेऊन आले. नंबर एक बंद होता, त्याच्या डोक्यावर बोट टेकवलं. नंबर दोन चालू राहिला होता, नळी बाहेर होती. तिच्या कडेला हळद लावली, कुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या. मी हात जोडले तेवढ्यात ती नळी आपोआप आत गेली आणि मिटली. मला वाटलं, पावलं.

दिवसभर भावजींचं मोजमाप चाललं. दारावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला, शेजारी पितळेचा तांब्या ठेवला, फरशीवर खडूने रेघा मारल्या. एकाच रेघेवरून, एकाच वेळी, दोन्हींनी फोटो. जुन्या रजिस्टरमध्ये दोन रकाने. एकमध्ये अक्षरं कडेपर्यंत साफ, अंधारातही तांब्याचा रंग खरा. दोनमध्ये नळी जसजशी पुढे जाते तसतसा उजेड कमी पडतो आणि फोटोला रवा धरतो, दाणे दाणे दिसतात. "पण चालेल," भावजी म्हणाले. "रवा चालेल."

दिवेलागणीला ते मोठ्या स्क्रीनवर फोटो बघत बसले. थोड्या वेळाने हाक आली.

"वहिनी, ह्या दोनमध्ये काय गेलंय?"

प्रत्येक फोटोत उजव्या वरच्या कोपऱ्यात एकाच जागी राखाडी डाग होता. नळी पुढे येताना कर्र आवाजही यायला लागला होता.

"कुंकू," मी म्हटलं.

"आत?"

"मी बाहेरच लावलं होतं. ते मिटलं तेव्हा आत गेलं असेल. हळदही आहे. आणि अक्षता."

ते चिडतील म्हणून मी थांबले. त्यांनी कॅमेरा कानाशी धरून हलवला. मग रजिस्टर ओढून नंबर दोनच्या रकान्यात लिहिलं, 'आत कुंकू, हळद. अक्षता तपासणे.'

"म्हणजे आता एकनेच काढायचा," ते म्हणाले. "जवळ जाऊन."

रविवारी चार वाजता आईंच्या खिडकीत ऊन येतं. मी त्यांना दूधसाखर दिली, केस विंचरले, पदर सारखा केला. भावजी दारात उभे राहिले. पाच मिनिटं तरी असतील. मग स्टूल घेऊन आत आले आणि आईंच्या खुर्चीला गुडघे लागतील इतक्या जवळ बसले. कॅमेरा डोळ्याशी नेला नाही, छातीशी धरला. आईंनी मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"अण्णा, आलास?"

आणि हसल्या. दात नसलेलं, पूर्ण तोंडाचं हसू. मला ते वर्षभरात दिसलं नव्हतं. भावजींचं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं नाही.

"केव्हाची वाट बघतेय मी. एवढं काय काम असतं रे?"

"हो," भावजी म्हणाले. "आलो आई."

मग बटण दाबलं. मी दारात हातात वाटी घेऊन उभी होते. वाटी जड वाटली म्हणून खाली ठेवली. माझ्या आत काही हललं नाही.

नंतर ते स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभे राहिले. मी चहा ठेवला.

"वहिनी, चौतीस वर्षांत एकाही चुकीच्या नगावर माझा शिक्का नाही. आज मारला."

"मी रोज मारते," मी म्हटलं.

त्यांनी चहा संपवला, कप धुतला, उपडा ठेवला.

सोमवारी सकाळी कॅमेरा परत न्यायच्या आधी ते पुन्हा आईंच्या खोलीत गेले. ह्या वेळी दारात थांबले नाहीत. स्टूल ओढलं, बसले आणि मोठ्याने म्हणाले, "आई, मी चिंतामणी."

"ओरडतोस कशाला? बहिरी नाही मी. तू चिंतूच तर आहेस." आईंनी बोट उचललं. "जेवलास का?"

तेवढ्यात भावजींनी बटण दाबलं.

"सकाळचे आठ वाजलेत आई."

"मग? आठाला जेवत नाहीत?"

"जेवतो."

अण्णाचं आईंनी विचारलं नाही. भावजी मुद्दाम थांबले होते, मला दिसत होतं. त्यांनी पेला दिला आणि तिथेच बसून राहिले.

कुंकू माझ्या हातचं, म्हणून हरेशभाईंकडे मीही गेले. शेजारची प्राची आईंजवळ बसली. हरेशभाईंनी नंबर दोन चालू केला, नळीचं कर्र ऐकलं, बोटाने कड पुसली. बोट लाल झालं.

"ये क्या है, अंकल?"

"पूजा," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं आणि ते बोट स्वतःच्या कपाळाला टेकवलं. "आंटी, पूजा हो गई ना? मग हा तुमच्याच घरचा झाला. आता मी दुसऱ्याला कसा विकू? देवाची अमानत."

"उघडून साफ नाही होणार?" भावजींनी विचारलं.

"होईल, पण खोलने के बाद पहिल्यासारखा बसेल याची गॅरंटी नाही. तुम्ही फॅक्टरीवाले, तुम्हाला मी काय सांगू?"

असा नंबर दोन आमच्याकडे राहिला आणि चांगला निघालेला नंबर एक काचेच्या कपाटात परत गेला. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "माझ्यामुळे वाईट घ्यावा लागला तुम्हाला."

"डाग कुठे येतो ते माहीत आहे, वहिनी. माणूस त्या कोपऱ्यात बसवायचा नाही. झालं."

दोन्ही फोटो हरेशभाईंनीच छापून दिले होते. घरी येऊन भावजींनी ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि भिंग घेऊन बसले. पहिल्यात आई हसतायत. पापणीचे केस मोजता येतील इतका स्वच्छ. दुसऱ्यात तोंड अर्धवट उघडं आहे, कपाळाला आठी आहे आणि वर उचललेलं बोट हललेलं आहे.

"हसतायत तो चांगला आलाय," मी म्हटलं.

"उत्तम आलाय. पण ती मला बघून हसलेली नाही."

"फ्रेममध्ये कोण विचारणारे?"

"मला रोज दिसणार ना."

त्यांनी दुसरा फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने तारीख घातली, 'चिंतामणीस जेवलास का विचारताना' असं लिहिलं आणि खाली फॅक्टरीत करायचे तशी छोटी सही केली. वेळ आली की हा लावायचा, म्हणाले. मग पहिला उचलून माझ्यापुढे धरला.

"हा तुमचा. ह्यात ती अण्णाकडे बघतेय."

मी तो दोन्ही हातांनी घेतला. आईंच्या डोळ्यांत, अगदी मधोमध, खिडकी दिसत होती आणि खिडकीसमोर एका माणसाचा काळा आकार. भावजींचाच. पण खांदे दोघांचे सारखेच होते. मी उभी राहून बराच वेळ बघितलं. आतून आईंची हाक आली, दूध मागत होत्या. भावजी म्हणाले, "तुम्ही बघा, मी देतो," आणि गेले.